आक्काच्या गालावरची लाली

माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडावर आजार उठला होता, आणि मी त्याला गोरं व्हायची क्रीम लावली. एकदा नव्हे, दीड-दोन वर्षं. वर ती क्रीम फुकट दिली म्हणून स्वतःला दानशूर समजत राहिलो, ते वेगळंच.

माझा धंदा कटलरीचा. शहरातल्या लोकांना हा शब्द ऐकून काटे-चमचे आठवतात. आमच्या बीड जिल्ह्यात कटलरी म्हणजे बांगड्या, टिकल्या, पिना, गंगावनं, पावडरी आणि बायकांना लागणारं पण किराणा दुकानात न मिळणारं जे काही असेल ते. दुकान तेलगावला आणि आठवड्यातून एकदा युसूफ वडगावच्या बाजारात कापडी पाल. आमचं घराणं खरं तर शेळ्यामेंढ्या राखणारं. पण मी राखायला नेलेल्या शेळ्या संध्याकाळी एकतर दुसऱ्याच्या कापसात सापडायच्या नाहीतर कोंडवाड्यात. शेवटी वडिलांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणाले, "तू माणसं वळ बाबा. शेळ्यांना अक्कल असती."

तर मी माणसं वळायला लागलो. गिऱ्हाईक पालाखाली वाकलं की आधी त्याचं तोंड बघायचं. वाईट नजरेनं नाही, धंद्याच्या. "मावशी, हे वांग हाय." "वैनी, ही उष्णता. पोट साफ होतं का?" बाईनं विचारायच्या आत निदान, आणि निदानापाठोपाठ डबी. शेजारी चाचांचा फळांचा गाडा असायचा. ते केळीच्या घडाआडून ओरडायचे, "क्या बे, दुकान लावलंस का दवाखाना?"

"चाचा, दवाखान्यात रांग असती. इथं न्हाई."

"रांग असती कारण तिथं डॉक्टर असतो."

मी हसण्यावारी न्यायचो. चाचांच्या तोंडाला लागायचं नसतं हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

आक्का माझ्याहून बरीच थोरली. आई लवकर गेली, त्यामुळं माझी शेंबडी बाही धुण्यापासून माझ्यासाठी मुलगी बघण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिला दिलेलं वडगावजवळच्या वस्तीवर. दाजींचीही शेळ्यामेंढ्यांची खांड. माणूस इतका गरीब की कळपातून वाट काढताना शेळ्यांनासुद्धा "सरका माय जरा" म्हणणारा. बाजाराच्या दिवशी आक्का पालावर यायची, माझ्या मागं गोणपाटावर बसायची, फडक्यातली भाकरी सोडायची आणि मी गिऱ्हाइकाला मारलेल्या थापा ऐकत तोंडाला पदर लावून हसायची.

एका उन्हाळ्यात ती आली तेव्हा तिचे दोन्ही गाल लालभडक. ती लाली एका गालावरून नाकाच्या दांडीवर चढलेली आणि पलीकडं दुसऱ्या गालावर उतरलेली, पंख पसरून बसलेल्या पाकोळीसारखी. मी भर गिऱ्हाइकात म्हणालो, "आक्का, दाजींनी आज दोनी गालांवर सारखीच दिली वाटतं!"

सगळे हसले. आक्कापण हसली. दाजींनी कुणाच्या थोबाडीत मारणं यापेक्षा मोठा विनोद त्या पंचक्रोशीत नव्हता.

"उन्हाचं हाय रे," ती म्हणाली. "रानात गेलं की आग आग होती. सावलीला बसलं की जरा बरं वाटतंय."

"मग रापलीस. शेळ्यांमागं फिरून काय गुलाब फुलणार हायत? थांब."

आणि मी लाल झाकणाची डबी काढली. ती डबी त्या वर्षी माझ्या पालावरचा हिरो होती. शहरातल्या ठोक व्यापाऱ्याकडून आणायचो. डबीवर एका गोऱ्या बाईचं चित्र, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. व्यापारी म्हणाला होता, "आठ दिवसांत फरक, नाहीतर डबी परत." मी विचारलं होतं, "ह्याच्यात असतं तरी काय?" तो म्हणाला, "फरक असतो." एवढं शास्त्र मला पुरलं.

पुढच्या बाजारी आक्का आली ती स्वच्छ गाल घेऊन. लाली गायब, वर जरा उजळलेली. मला आभाळ ठेंगणं झालं. मी काय करावं? मी सख्ख्या बहिणीला पालापुढं स्टुलावर बसवलं. "या, बघा, ही माझी बहीण. मागल्या बाजारी हिचं तोंड टमाट्यासारखं होतं. खोटं वाटत आसंल तर तिलाच इचारा!" बायका वाकून वाकून तिचे गाल बघायच्या. एकीनं तर बोट लावून पाहिलं. आक्काला असलं मिरवणं आवडायचं नाही. पण धंदा भावाचा. ती खाली मान घालून म्हणायची, "माझा भाऊ हाय. मला कावून खोटं सांगंल?"

हे वाक्य ती बाजारामागून बाजार म्हणत राहिली. डब्या खपत राहिल्या.

क्रीम थांबवली की लाली परत यायची, पहिल्यापेक्षा जास्त. मी म्हणायचो, "औषध सोडलं की आसंच व्हतं, लावत जा." ती लावत गेली. मधून मधून आणखी काही सांगायची. सकाळी बोटं आखडतात, धार काढताना सड धरवत नाही. मी म्हणालो, वय झालं. तोंड आलंय, टाळूला फोड आहेत, पण दुखत कसे नाहीत? मी म्हणालो, मिश्री सोड. केसांचा पुंजका फणीत येतो म्हणाली, तर मी तिला माझ्याकडचं सगळ्यात चांगलं गंगावन काढून दिलं, काळंभोर, रेशमी. ते घालून ती वस्तीवर गेली आणि शेजारणीनं विचारलं, "माहेरचं का?" आक्कानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "भावानं दिलंय."

सगळ्यात हुशारी मी बांगड्यांत दाखवली. आक्का आयुष्यभर सव्वादोनच्या बांगड्या घालणारी. बारीक हाड, कामाचा हात. त्या वर्षी तिला सव्वादोन चढेनात. मी पुढचं माप काढलं. काही महिन्यांनी तेही घट्ट झालं, मग अडीच. बांगड्या विकणाऱ्याला माणसाच्या तब्येतीची बातमी मनगटावरून कळते असं मी स्वतःला समजावत आलो होतो. आणि कळली काय? मी तिला म्हणालो, "आक्का, अंगानं भरलीस. दाजींची भाकरी आता मानवायला लागली."

तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. "खाणं तर जात न्हाई रे. मग भरले कशानं?"

"सुखानं," मी म्हणालो.

तिच्या लेकीचं लग्न ठरलं, म्हणजे माझ्या भाचीचं. आमच्यात लग्नाचा हिरवा चुडा मामाकडून असतो. मी कटलरीवाला मामा, तेव्हा कासाराला बोलवायचा प्रश्नच नव्हता. मांडवात चटईवर बसलो, पुढं हिरव्या बांगड्या मांडल्या, नवरीला भरल्या, मग नवरीच्या आईला पुढं घेतलं. बांगडी भरताना हात दाबावा लागतो. अंगठ्याखालचा मांसल भाग आत लोटायचा, हाताची मोट करायची, मग बांगडी सरकवायची. मी आक्काचा हात हातात घेतला आणि अंगठा दाबला.

अंगठा काढला तर तिथं खड्डा राहिला.

भरून येईना. ओल्या कणकेत बोट रुतवावं तसा तो खड्डा तिच्या हातावर बसून राहिला. मी गंमत म्हणून शेजारी दुसरा पाडला. आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आक्का, हात हाय का पुरणपोळीची कणीक? सगळ्या पावण्यांना जेवू घालून उरंल!"

बायका खो खो हसल्या. भाची हसली नाही. हळद लागलेल्या हातांनी तिनं आईचा परकर घोट्याच्या वर केला. तिथंही तीच सूज. "मामा," ती म्हणाली, "सकाळी उठल्यावर आईचं तोंडपण आसंच आसतंय. डोळे उघडत न्हाईत. मी कवाची सांगाय लागले, पर ती म्हणती मामाला दावलंय."

मामाला दाखवलंय. त्या बायकांच्या हसण्यात माझं हसणं तेवढं मध्येच तुटलं.

तरीही कुणी दवाखान्यात गेलं नाही, त्या दिवशी. आक्काच म्हणाली, "लेकीच्या अक्षता पडू द्या, मग कुठं न्यायचं तिथं न्या." लग्नात तिनं क्रीम जरा जाडच लावली. फोटोत ती दिसते, विहिणीशेजारी उभी, गाल पांढरे, कान लाल, आणि डोळे सुजेनं बारीक झालेले. फोटो बघणारे म्हणतात, "काय हसतीय बघा!" ती हसत नव्हती.

तालुक्याच्या डॉक्टरनं लघवी तपासली आणि दुसरं काही न बोलता मोठ्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं दोन-तीन डॉक्टर झाले, रक्त काढून झालं, मग चामडीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी आक्काचं तोंड उजेडाकडं वळवलं, भुवया आवळल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तोंडाला काय लावता? साबणानं धुऊन या."

आक्का नळावरून आली. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि शिकणाऱ्या पोरापोरींना हाक मारली. सगळे वाकून तिचे गाल बघायला लागले. "नीट पाहा," बाई म्हणाल्या. "गाल आणि नाक दोन्ही धरलंय, पण नाकाच्या बाजूची ही घडी सोडलीय. उन्हाचा डाग घडी बघून थांबत नाही."

मी त्या तोंडाकडं दर बाजारी बघत होतो. त्या घडीकडं माझं एकदाही लक्ष गेलं नव्हतं.

मग बाई आक्काला विचारत गेल्या. उन्हात गेलं की वाढतं का? सकाळी बोटं आखडतात? तोंडात न दुखणारे फोड? केस? आक्का प्रत्येक प्रश्नाला "व्हय" म्हणायची, आणि दर खेपेला माझ्याकडं बोट करून पुढं जोडायची, "ते ह्याला सांगितलंतं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भाऊ सोबत आहे, त्याला सगळं ठाऊक आहे, त्याला विचारा, एवढाच तिचा अर्थ.

बाईंनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"कटलरी," मी म्हणालो. त्या खोलीत हा शब्द इतका वाईट ऐकू आला की मी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. जास्त बोलायची वेळ येऊ नये म्हणून.

बाईंनी डबी उलटसुलट केली. म्हणाल्या, असल्या क्रीममध्ये बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं. त्यानं डाग दबतो, आजार दबत नाही. तो आत चालूच राहतो, आणि डाग दिसला नाही म्हणून कुणी विचारत नाही. यांना ल्युपस आहे. अंगातली जी शक्ती बाहेरच्या रोगाशी लढायला असते ती स्वतःच्याच शरीराला शत्रू समजते. कातडीवर दिसतं ते पहिलं. मग सांधे, मग मूत्रपिंड. यांच्या मूत्रपिंडापर्यंत गेलंय.

दाजींना काही उमगलं नाही. आक्कानंच त्यांना समजावलं, "आवो, राखणीचं कुत्रं शेळ्यांनाच धराय लागलंय म्हना की."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. मग औषधं लिहिली. त्यात मला ओळखीचा शब्द ऐकू आला, आणि माझ्यातला कटलरीवाला उसळी मारून उठला. मी म्हणालो, "बाई, तुमीबी स्टेरॉईडच देताय ना? म्हंजी आमचं औषध तसं चुकीचं नव्हतं."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्खासारखं बोललो आहे. पण एखादं वाक्य तोंडातून निघताना परत ओढून घ्यावंसं वाटलं असं ते एकच. पोरंपोरी खाली बघायला लागली. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हा डाग आम्हांला दोन वर्षांपूर्वी बघायचा होता. तेव्हा मूत्रपिंडं चांगली असणार." आणि डबी माझ्याकडं सरकवली.

पुढच्या बाजारी मी एकही डबी मांडली नाही. उलट विकलेल्या परत मागायला लागलो. ज्या ज्या बाईचं तोंड आठवलं तिला थांबवलं, ही लावू नका, दवाखान्यात दाखवा. एकीनंही डबी परत दिली नाही. एक म्हणाली, "दुसऱ्या गावात जास्त भाव येतोय वाटतं." दुसरी म्हणाली, "तुमचीच बहीण तर गोरी झाली, आमी डोळ्यांनी बघितलंय." चाचा सगळं ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी मला काही ऐकवलं नाही. गाड्यावरून एक डाळिंब उचलून माझ्या टिकल्यांच्या खोक्यावर ठेवलं, तेव्हा मला कळलं की आता खरंच काही उरलं नाही.

गोळ्यांनी आक्का काही दिवस बरी वाटली. नंतर तोंड गोल झालं, मग सूज, मग धाप. मूत्रपिंडं थकत थकत गेली आणि डायलिसिस लागलं. ती खुर्चीत पडून राहायची, हातातून रक्त नळीनं मशीनमध्ये जायचं आणि दुसऱ्या नळीनं परत यायचं. दाजी शेळ्या शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून यायचे, पायाशी उकिडवे बसायचे आणि मशीनकडं बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "पावणं, ही मशीन तिला तिच्यापेक्षा जास्त वळखती." मी यावरही काही विनोद करायला गेलो. झाला नाही.

आक्का आता नाही. त्या डायलिसिसवर ती वर्षभर तगली, जेमतेम. शेवटच्या दिवसांविषयी मी इथं लिहिणार नाही. तिला ते आवडलं नसतं, आणि मला ते जमणारही नाही. त्याच्या आधीचं एक सांगतो.

डॉक्टर म्हणाले होते की घरातल्या कुणाची किडनी जुळली तर बसवता येईल. दाजींचा रक्तगट वेगळा निघाला. भाचीला दिवस गेलेले. राहिलो मी. माझा गट जुळला. माझ्या छातीवरचा दगड इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलला. दीड-दोन वर्षं तिच्या तोंडाला जे फासलं, त्याचं प्रायश्चित्त माझ्या बरगडीखाली आयतंच तयार होतं, देवानं जोडीनं दिलेलं. मी सगळ्या बाजाराला सांगत सुटलो. गिऱ्हाइकाला पिना मोजून देताना सांगायचो, "बहिणीला किडनी देतोय." चाचांनी माझ्या अंगात रक्त वाढावं म्हणून चिकू आणि केळी यांचा मारा सुरू केला. "खा बे, एका किडनीवर दोघांचं वझं हाय." मी खात गेलो. पंधरवडाभर चिकू खाऊन मी तपासणीला गेलो तो एखाद्या नवरदेवासारखा, इस्त्रीचा शर्ट घालून.

त्यांनी रक्त घेतलं, लघवी घेतली, दुसऱ्या दिवशी परत घेतली. मग डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. "तुम्हांला साखर आहे हे माहीत आहे का?"

"न्हाई. मला कशाला आसंल?"

"आहे. बरीच जुनी असणार. मानेवरचं हे काळं आजचं नाही." त्यांनी माझ्या मानेकडं बोट केलं. मी तिथं वर्षानुवर्षं पावडर लावत होतो. उन्हानं रापलंय असं समजून. "तुमच्याही मूत्रपिंडांवर परिणाम दिसतोय. तुमची किडनी काढता येणार नाही. तुम्हांलाच जपावी लागणार आहे."

मी विचारलं, "अर्धी चालंल का?"

डॉक्टर म्हणाले, "चहा घेणार?"

आक्काला सांगायचं मलाच होतं. दाजी म्हणाले, "तुमीच बोला. मला सुदरणार न्हाई." दुपारची वेळ होती. वॉर्डात पंखे फिरत होते आणि आक्का मशीनला लागलेली. तोंडावर आता काहीच लावत नव्हती. ती लाली गालांवर उघडी बसलेली होती आणि मी तिच्याकडं बघत होतो. दारातून खुर्चीपर्यंत येताना मी वाक्यं जुळवली होती: डॉक्टर लोक उगाच काहीतरी काढतात, दुसरीकडं दाखवू, मोठ्या शहरात जाऊ. आयुष्यभर थापा मारून पोट भरलं होतं. एक थाप तिच्यासाठी निघायला हरकत नव्हती.

पण तिनं माझा हात धरला, आणि मी सगळं खरंच सांगून टाकलं. साखर, मान, चाचांचे चिकू, अर्धी चालेल का, सगळं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट मान वळवून बघायला लागला.

"आक्का," मी म्हणालो, "माझी किडनी तुला चालणार न्हाई म्हणत्यात."

मग तिच्या गालांवर ती लाली हलली, आणि मला आधी वाटलं ती रडतेय. ती हसत होती. तोंडाला लावायला पदर हाती येईना, एका हातात नळ्या होत्या आणि दुसरा माझ्या हातात.

"बरं झालं, येड्या," ती म्हणाली. "तुझ्याकडला एक तरी माल मला आजपतूर मानवलाय का?"